दुय्यम कामांचा मक्ता

रुग्णालय म्हटले की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे डॉक्टर आणि परिचारिका उभ्या राहतात. परंतु शंभर-सव्वाशे खाटांच्या एखाद्या खाजगी रुग्णालयाचा हजेरीपट उघडून पाहिला, तर फरशी पुसणारे, चादरी धुणारे, जेवणाची ताटे पोचविणारे, स्ट्रेचर ढकलणारे, फाटकावर उभे राहणारे आणि रात्री-अपरात्री हाकेसरशी बेडपॅन घेऊन धावणारे यांच्या नावांनी त्याची पानेच्या पाने व्यापलेली आढळतात. या मंडळींना संस्थेने आपल्या पगारपत्रकावर ठेवावे, की त्यांची कामे गौण ठरवून एखाद्या कंत्राटदाराच्या हवाली करावीत आणि आपण केवळ चिकित्सेत लक्ष घालावे, हा प्रश्न गेल्या काही दशकांत खाजगी रुग्णालयांच्या कार्यकारी मंडळांपुढे वारंवार आला आहे. आणि माझ्या समजुतीप्रमाणे पुष्कळ ठिकाणी त्याचे उत्तर, प्रश्न नीट विचारला जाण्यापूर्वीच, दिले गेले आहे.

1894 साली डॉ. वॉन्लेस यांनी मिशनचे रुग्णालय उघडल्यापासून ज्या मिरजेला रोगी दूरदूरच्या मुलखांतून येत राहिले, त्या मिरजेतील एका विश्वस्त संस्थेच्या रुग्णालयात हा विषय निघाला (कोणत्या, ते येथे महत्त्वाचे नाही), तेव्हा ठरावाचा मसुदा लिहिण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे दोन्ही बाजू मला सविस्तर ऐकावयास मिळाल्या. ठराव मांडणारे तात्यासाहेब पेशाने सनदी लेखापाल. त्यांच्या हाती हिशेब आल्यापासून संस्थेवर कर्जाचा बोजा नाही. ठरावास हरकत घेणाऱ्या मेट्रनबाई सेवानिवृत्त असून सल्लागार समितीवर आहेत. ठरावात स्वच्छता, धुलाई, भोजनगृह, पहारा आणि वॉर्डातील मदतनीस ही पाच कामे मक्त्याने देण्याची शिफारस होती.

तात्यासाहेब : बाई, आपल्याकडे वैद्यकीय अधीक्षक म्हणून जो गृहस्थ बसतो, त्याने उमेदीची वर्षे शल्यकर्मात घालविली आहेत, आणि आज त्याचा सकाळचा अर्धा प्रहर कशात जातो, तर कोणता मामा कामावर आला नाही, कोणत्या मावशीने कोणाला काय सुनावले, आणि धुलाईखान्यातले यंत्र पुन्हा का बंद पडले, याच्या चौकशीत. हे रुग्णालय आपण काढले ते रोगी बरे करण्यासाठी. कपडे धुणे आणि पहारा करणे यांत आपले प्रावीण्य नाही, आणि ते मिळविण्याची हौसही नाही. ज्यांचा तोच धंदा आहे, त्यांच्याजवळ यंत्रे आहेत, शिकविलेली माणसे आहेत, एक गैरहजर राहिला तर दुसरा धाडण्याची सोय आहे. कायद्यानेही हा भेद मान्य केला आहे. 2020 सालच्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थितीविषयक संहितेने आस्थापनेच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार लावण्यास मनाई केली खरी, पण आस्थापना मुळात त्याच कामासाठी स्थापन झालेली नसेल तर स्वच्छता, पहारा, उपाहारगृह, बागकाम, धुलाई, इतकेच काय रुग्णवाहिकासुद्धा, तिने मुख्य कामाच्या व्याख्येबाहेर ठेवली. आणि ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अंमलात आली आहे.

मेट्रनबाई : संहितेने ही कामे बाहेर ठेवली ती कंत्राटाच्या प्रयोजनापुरती, तात्यासाहेब, जंतूंना ती अजून कोणी वाचून दाखविलेली नाही. अतिदक्षता विभागात फरशीवर रक्त सांडले, तर त्यावर एक टक्का हायपोक्लोराइटचे द्रावण ओतून ते दहा मिनिटे तसेच राहू द्यावे लागते, मग पुसावे लागते. बाजारात मिळणाऱ्या पाच टक्क्यांच्या कॅनमधला एक भाग आणि पाणी चार भाग, असे ते रोजच्या रोज ताजे करायचे असते, कारण शिळ्या द्रावणाला वास उरतो, गुण उरत नाही. तुमच्या मसुद्यात चौरस फुटाला दर लावला आहे, तोही 'साहित्यासह'. म्हणजे रसायन जितके कमी वापरावे तितका मक्तेदाराचा नफा अधिक. त्या चार भागांचे सहा भाग कधी झाले, हे फरशीकडे पाहून मला सांगता येणार नाही आणि तुम्हाला तर मुळीच येणार नाही. फरशी दोन्ही वेळा सारखीच चकचकीत दिसते.

तात्यासाहेब : त्यासाठीच करारनाम्यात तपासणीचे कलम आहे, दंडाची अट आहे, अनामत रक्कम आहे. आपल्या स्वतःच्या माणसाने द्रावण पातळ केले, तर आपण कोणाला दंड करतो? खुलासा मागवितो, तो आपल्या पुतण्याकडून अर्ज लिहून आणतो, आणि प्रकरण दप्तरी दाखल होते. मक्तेदाराचे बिल अडविता येते. कायम नोकराचे काहीही अडविता येत नाही.

मेट्रनबाई : कबूल. पण तपासणी करणार कोण? ठरावाचे सहावे कलम वाचा. स्वच्छता निरीक्षक येत्या मार्चला निवृत्त होत आहेत आणि ते पद पुन्हा भरू नये, असे तुम्हीच लिहविले आहे.

तात्यासाहेब : एका कामाचा पगार दोन ठिकाणी कशाला द्यायचा, एवढाच त्यात हेतू होता. मक्तेदाराचा मुकादम असतोच की देखरेखीला.

मेट्रनबाई : म्हणजे बिल त्याचे, काम त्याचे आणि काम झाल्याचा दाखलाही त्याचाच.

येथे मला थोडे थांबावेसे वाटते, कारण या वादाचे मर्म मला पुढच्या सर्व आकडेमोडीपेक्षा या सहाव्या कलमात दिसते. काम दुसऱ्यावर सोपविण्यात गैर काहीच नाही. परंतु काम सोपविताना ते काम कसे असावे हे ज्याला कळते असा आपला शेवटचा माणूसही संस्था जेव्हा काटकसरीच्या भरात घालवून बसते, तेव्हा तिच्या हाती केवळ करारनामा उरतो, आणि करारनाम्याला डोळे नसतात. दोन-तीन मुदती अशा उलटल्या की नव्या निविदेत काय मागावे हेसुद्धा संस्थेला मक्तेदारालाच विचारावे लागते. तात्यासाहेबांनी ते कलम पेन्सिलीने खोडले, हे त्यांच्या मोकळ्या मनाला शोभेसेच झाले. पण वाद तेथे संपला नाही.

मेट्रनबाई : इंग्लंडात हा प्रयोग आपल्या आधी होऊन गेला आहे. तेथील सरकारने 1983 साली राष्ट्रीय आरोग्य सेवेतील सफाई, धुलाई आणि भोजन या कामांसाठी स्पर्धात्मक निविदा मागविण्याचा हुकूम काढला. पुढे तेथील 126 रुग्णालय-न्यासांच्या 2010 ते 2014 या काळातील आकड्यांचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यात बाहेरच्या कंपन्यांकडे सफाई दिलेल्या ठिकाणी खर्च कमी, पण औषधांना न जुमानणाऱ्या एमआरएसए जंतूचा प्रादुर्भाव अधिक, असे दिसून आले. स्कॉटलंडने तर 2008 सालीच रुग्णालयांच्या सफाईची नवी कंत्राटे खाजगी कंपन्यांना देणे थांबविले.

तात्यासाहेब : अभ्यास मी नाकारीत नाही, पण साहचर्य म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, एवढे तर्कशास्त्र मलाही अवगत आहे. ज्यांनी सर्वांत स्वस्त निविदा घेतली त्यांचे इतरही काही स्वस्तच असेल. शिवाय त्याच इंग्लंडात त्या सुमारास एमआरएसएचे प्रमाण एकंदरीने झपाट्याने उतरले होते. आणि ते उतरले ते हात धुण्याच्या शिस्तीने आणि कसून केलेल्या देखरेखीने. सफाईवाल्याचा पगार कोणाच्या खिशातून जातो यापेक्षा त्याच्यावर नजर कोणाची आहे हे महत्त्वाचे, असेच त्यातून निघते. हे तर तुमचेच म्हणणे झाले.

मेट्रनबाई : झाले खरे. तेव्हा आता तुमच्या प्रांतात शिरते. रुग्णसेवा वस्तू व सेवा करातून मुक्त आहे, म्हणून आपण खरेदी केलेल्या सेवांवर भरलेला कर आपल्याला वळता करून मिळत नाही. खरे ना?

तात्यासाहेब : अपवाद सोडता, खरे.

मेट्रनबाई : आणि माणसे पुरविण्याच्या सेवेवर हा कर शेकडा 18. मग हिशेब करा. एका सफाई कामगारावर भविष्यनिर्वाह निधी, राज्य विमा, बोनस धरून आपला खर्च आज 100 रुपये होतो असे समजा. मक्तेदाराने सगळे कायदे पाळून तेवढेच त्याला दिले, त्यावर आपला सेवाआकार म्हणून 8 रुपये घेतले, आणि त्या 108 वर कर चढला, की आपल्याला तोच माणूस 127 रुपयांना पडतो. तरीही तुमच्या टिपणात बचत दाखविली आहे. ती कोठून येते?

ही आकडेमोड टिपणात नव्हती, हे मी येथे नमूद करून ठेवतो. तात्यासाहेबांसारख्या हिशेबी माणसाच्या नजरेतून ती निसटली असेल, असे मानण्याइतका मी भोळा नाही. परंतु विचारल्यावर उत्तर देताना त्यांनी आडपडदा ठेवला नाही, हेही तितकेच खरे.

तात्यासाहेब : तीन ठिकाणांहून येते. एक, यंत्राने फरशी घासली की जेथे पाच माणसे लागत तेथे तीन पुरतात. दोन, आपली वेतनश्रेणी वर्षानुवर्षांच्या वाढींनी किमान वेतनाच्या बरीच वर गेली आहे आणि मक्तेदार किमान वेतनाने भरती करतो. आणि तीन, उपदान. 1972 च्या कायद्यापासून कायम नोकराला सलग पाच वर्षे भरली की ग्रॅच्युइटी लागू होत आली आहे. मक्ता दोन-तीन वर्षांनी बदलतो आणि नव्या मक्तेदाराकडे माणूस नव्याने रुजू होतो.

मेट्रनबाई : माणूस तोच, झाडू तोच, मजला तोच, गणवेशाचा रंग तेवढा बदलतो आणि त्याची नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायची. यंत्राने होणारी बचत ही बचत आहे, तात्यासाहेब, ती मला मान्य आहे, आणि ती यंत्रे आपणही विकत घेऊ शकतो. उरलेली दोन म्हणजे बचत नव्हे, त्या माणसाच्या पदरातून काढून घेतलेले पैसे आहेत. आणि हा माणूस कोण, हेही आपण दोघे जाणतो. मक्तेदार कोणत्याही जातीचा असो, संडास धुवायला त्याच वस्त्यांतली माणसे येतात ज्यांच्या आजोबांनी हेच काम केले.

तात्यासाहेब : बाई, कायम नोकरीचे तुम्ही काढलेले चित्र फार सोज्ज्वळ आहे. आपल्याच एका विभागात काय चालत होते ते आठवा. कायम झालेला माणूस महिन्यातले पंधरा दिवस घरी बसे, आणि आपल्या जागी बदली म्हणून गल्लीतल्या एखाद्या पोराला स्वतःच्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शावर पाठवी. हजेरीपटावर सही मात्र याचीच. त्या पोराला ना निधी, ना विमा, ना उपदान. मक्तेदारी आपण आणली नव्हती. ती आपल्या डोळ्यांदेखत आतूनच उगवली होती, आणि तिला ना परवाना होता ना करारनामा. निदान कायदेशीर मक्तेदाराच्या माणसाच्या नावावर निधीचा भरणा होतो की नाही, याची पावती मला मागता येते. आणि त्याने पगार थकविला तर मूळ मालक म्हणून तो आपल्यालाच चुकवावा लागतो, ही जबाबदारी 1970 च्या कायद्यापासून आपल्यावर आहे.

मेट्रनबाई : ती बदलीची गोष्ट खरी आहे, आणि ती चालू दिली यात मीही होते. पण तिच्यावरचा इलाज हजेरी नीट घेणे हा होता. आता माझी खरी धास्ती सांगते. सफाईच्या माणसाला सुई टोचते. सुई पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात जायची ती कोणीतरी घाईत पिवळ्या पिशवीत टाकतो, आणि ती पिशवी उचलणाऱ्या बाईच्या मांडीला ती लागते. 2016 च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनी असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कावीळ-ब आणि धनुर्वाताची लस देण्याची जबाबदारी रुग्णालयावर टाकली आहे, मक्तेदारावर नव्हे. कावीळ-बच्या लसीचे तीन डोस. पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात. मक्तेदाराची माणसे तीन-चार महिन्यांत बदलतात. तिसऱ्या डोसाच्या रकान्यात नाव सापडते, माणूस सापडत नाही. आणि त्याच्या जागी जो आला आहे त्याला पहिलाही मिळालेला नसतो.

तात्यासाहेबांनी यावर लगेच उत्तर दिले नाही. करारात माणसे टिकविण्याची अट घालता येईल, पहिला डोस घेतल्याविना कोणासही कामावर घेऊ नये असेही लिहिता येईल, असे ते थोड्या वेळाने म्हणाले. आणि मग, मला वाटते वादाचा तोल सावरण्यासाठी, त्यांनी धुलाईचा विषय पुढे केला.

मेट्रनबाई : धुलाई द्या. आनंदाने द्या. रुग्णालयाचे कपडे निर्जंतुक व्हायचे तर 71 अंश सेल्सियसच्या पाण्यात 25 मिनिटे राहावे लागतात. मळके कपडे एका बाजूने आत जावेत आणि धुतलेले भिंतीपलीकडे दुसऱ्या दाराने बाहेर यावेत, अशी यंत्रे लागतात. आपल्या मागच्या अंगणातला हौद आणि ते दर पावसाळ्यात बंद पडणारे यंत्र यांवर अभिमान बाळगण्याजोगे काही नाही. फक्त दोन गोष्टी मसुद्यात घाला. मळक्या चादरींची मोजदाद वॉर्डात करायची नाही, कारण झटकून मोजले की धुळीबरोबर रोगही उडतो. मक्तेदाराच्या माणसाने ती धुलाईखान्यात करावी. आणि गाठोड्यात सुई, कात्री, थर्मामीटर जे काही सापडेल, ते कोणत्या वॉर्डाचे हे लिहून परत पाठवावे. ती यादी मला हवी आहे. आमच्याच मुलींच्या चुका त्यात दिसतील.

भोजनगृहावर आणि पहाऱ्यावर फारशी चर्चा झाली नाही. स्वयंपाक मक्तेदाराने करावा, परंतु कोणत्या रोग्याला बिनमिठाचे आणि कोणाला पेज हे आहारतज्ज्ञाने ठरवावे, आणि न खाता परत आलेले ताट वॉर्डातल्या सिस्टरने पाहिल्याखेरीज उचलू नये, इतक्यावर दोघांचे जमले. यंत्रांच्या देखभालीचा उल्लेख ओघाने निघाला. 21 एप्रिल 2021 रोजी नाशिकच्या महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून दाब उतरला आणि 22 रोगी दगावले, त्याची आठवण बाईंनी काढली. अशी टाकी दुरुस्त करणारा माणूस कोणतेही रुग्णालय पदरी बाळगू शकत नाही, हे तात्यासाहेबांचे म्हणणे त्यांनी मान्य केले, परंतु कंपनीचा माणूस येईपर्यंतच्या घटकेत कोणती चावी फिरवावी हे ठाऊक असलेला संस्थेचा माणूस प्रत्येक पाळीत इमारतीत असलाच पाहिजे, असा आग्रह त्यांनी धरला. तात्यासाहेबांनी तो तत्काळ लिहून घेतला. खरी खडाजंगी झाली ती वॉर्डातील मदतनिसांवरून.

मेट्रनबाई : मावशी आणि मामा हे सफाईत मोडत नाहीत. अर्धांगाच्या रोग्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे, नाहीतर पाठीला जखमा होतात. लघवीची पिशवी सकाळपासून भरलेली नाही, हे सिस्टरच्या आधी मावशीला दिसते. सात नंबरचे आजोबा काल बोलत होते, आज हाक मारली तर नुसते पाहतात, हे ती सांगत येते. यातले काय काय तुम्ही निविदेत लिहिणार?

तात्यासाहेब : दोन तासांनी कुशीवर वळविणे लिहिता येते, तक्ताही ठेवता येतो. बाकीचे लिहिता येत नाही, हे मान्य. पण ते तुमच्या नियुक्तिपत्रात तरी कोठे लिहिलेले असते? चांगला माणूस ते करतो, मग त्याचा पगार कोणीही देवो.

मेट्रनबाई : करतो, पण एका वॉर्डात टिकला तर. आणि दुसरी अडचण तुमच्या वकिलांनीच करून ठेवली आहे. त्यांचे पत्र मी वाचले. सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात ठरविले की कंत्राट रद्द झाले म्हणून कामगार आपोआप मूळ मालकाचे होत नाहीत. पण कंत्राट केवळ देखावा असेल तर ते मालकाचेच कामगार ठरतात. म्हणून वकील लिहितात की आपल्या अधिकाऱ्यांनी कंत्राटी माणसांना थेट हुकूम देऊ नयेत, त्यांच्या मुकादमामार्फत द्यावेत. रात्री अडीच वाजता रोगी खाटेवरून घसरतो आहे, सिस्टर एकटी आहे. तिने मावशीला हाक मारायची, की मुकादमाला फोन लावायचा?

तात्यासाहेब : हाकच मारायची. वकील इतके अरसिक नसतात. काम कोठे आणि कोणते करायचे हे सांगणे म्हणजे दुय्यम नियंत्रण. नेमणूक, पगार आणि शिस्तभंगाची कारवाई मक्तेदाराच्या हाती राहिली की पुरे, असे न्यायालयांनीच म्हटले आहे.

मेट्रनबाई : तेच तर. सिस्टर सांगणार काय करायचे, आणि बढती-बदली त्याच्या हाती. तिने नावाजलेली मावशी तो पुढच्या महिन्यात सांगलीच्या दुसऱ्या रुग्णालयात नेईल, कारण तेथे दर अधिक. आणि जिची तक्रार केली ती आपल्याकडेच राहील, कारण तिला कोणी मागत नाही. ज्या कामात घडोघडी सिस्टरचा शब्द चालायला हवा, ते काम तिच्या शब्दाबाहेरच्या माणसाला देता येत नाही.

या एका मुद्द्यावर मी बाईंच्या बाजूचा आहे, आणि मदतनिसांचे कलम मसुद्यातून वगळण्यात आले तेव्हा मला बरे वाटले. परंतु सफाईचे काय करावे, यावर बाईंनी जो तोडगा काढला, त्यात तात्यासाहेबांनी लगेच बोट घातले. शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता विभाग आणि प्रसूतिगृह आपल्या माणसांकडे. जिने, कचेऱ्या, व्हरांडे मक्तेदाराकडे, असा तो तोडगा होता.

तात्यासाहेब : एकाच छताखाली दोन प्रकारचे सफाईवाले, एकाला पंचवीस हजार आणि दुसऱ्याला त्याच्या निम्मे? महिन्याभरात फाटकावर बोर्ड लागेल. आणि जुन्या कंत्राटी कामगार कायद्याखालच्या नियमांतच आहे की मूळ मालकाच्या कामगारासारखेच काम कंत्राटी माणूस करीत असेल, तर वेतनही त्याच दराने द्यावे.

मेट्रनबाई : मग एकच दर ठेवा.

तात्यासाहेब : मग मक्ता कशासाठी द्यायचा?

मेट्रनबाई : हे मी मघापासून विचारते आहे.

तात्यासाहेब हसले, पण त्यांनी माघार घेतली नाही. यंत्रे, बदली माणसांची सोय आणि अधीक्षकाचा वाचणारा वेळ यांचे मोल ते अखेरपर्यंत सांगत राहिले, आणि ते मोल शून्य नाही हे मलाही वाटते. शेवटी धुलाई, पहारा आणि भोजन यांची कलमे दुरुस्त्यांसह मंजूर झाली. सफाईचे कलम पुढील सभेपर्यंत तहकूब राहिले. त्या सभेपूर्वी निविदेचा नमुना तयार करावा, त्यात प्रत्येक कामगाराला द्यावयाच्या वेतनाचा किमान आकडा संस्थेनेच छापावा, रसायने संस्थेने पुरवावीत आणि मक्तेदारांची चढाओढ केवळ सेवाआकारावर व्हावी, अशी सूचना तात्यासाहेबांनी स्वतः मांडली. अशा अटींवर निविदा भरायला कोणी पुढे येईल की नाही याबद्दल बाईंना शंका होती. परंतु सूचनेला त्यांनी अनुमोदन दिले, आणि स्वच्छता निरीक्षकाची जाहिरात त्याच आठवड्यात काढावी, असे मला इतिवृत्तात वेगळे लिहावयास सांगितले.